एकट्याने लांबचा प्रवास करायचाय? स्पोर्ट टूरर अशी निवडा

दाभोळच्या जेटीवर ओहोटीच्या वेळी उताराचा शेवटचा पट्टा हिरवट, बुळबुळीत झालेला असतो. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी तिथून फेरीबोटीत गाडी घालत होते. पलीकडे धोपाव्याला उतरून गुहागर गाठायचं होतं. गाडी मैत्रिणीची, दोन सिलिंडरची, भरल्या टाकीसह दोनशे किलोंच्या वर. पुढचा टेम्पो अडकला म्हणून उतारावरच थांबले, उजवा पाय टेकला, तो शेवाळावरून सटकला आणि गाडी उजवीकडे आडवी झाली. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकायला लागलं. मी दोनदा जोर लावला, गाडी तसूभर हलली नाही. बोटीवरच्या चौघांनी ती उभी करून दिली.

जेटीवर माणसं होती. करूळ घाटात संध्याकाळी सहानंतर, पावसात, तशी चार माणसं मिळतीलच असं नाही. त्या दिवसापासून एकट्याने फिरायला कोणती गाडी घेऊ असं कुणी विचारलं, की मी इंजिनापासून सुरुवात करत नाही. प्रवासातली सगळ्यांत वाईट दहा मिनिटं आधी डोळ्यांसमोर आणा म्हणते: गाडी पडलीय, पंक्चर झालीय किंवा उतारावर नाक खाली करून अडकलीय, आणि मदतीला कुणी नाही. त्या दहा मिनिटांत जी गाडी तुम्हाला एकट्याला आवरते, तिच्यातूनच पुढची निवड करायची. खालच्या पायऱ्या मी त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

स्पोर्ट टूरर कशाला म्हणायचं

शर्यतीच्या धाटणीच्या गाडीवर आपण टाकीवर ओणवे होतो आणि शरीराचा भार मनगटांवर येतो. तासाभरात तळहात बधिर होतात. स्पोर्ट टूररला पुढून वारा अडवणारं फेअरिंग असतं, सतरा इंची चाकं असतात, वळणावर ती चपळ असते. पण हँडल थोडं वर आणि जवळ असतं, सीट जाड असते आणि सामान बांधायला जागा असते. आपल्याकडे ही चव लावली ती २००३ साली आलेल्या हीरो होंडाच्या करिझ्माने. २२३ सीसीच्या त्या गाडीवर कितीतरी जणांनी आयुष्यातला पहिला मोठा प्रवास केला. २०११ साली होंडाची सीबीआर २५०आर आली आणि पाण्याने थंड होणारं अडीचशे सीसीचं इंजिन सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं.

मग ॲडव्हेंचर गाडी का नको? तुमच्या प्रवासात कच्चा रस्ता जास्त असेल तर जरूर तीच घ्या. पण डांबरी रस्ता आणि घाटच जास्त असतील तर स्पोर्ट टूररची सीट खाली असते, वजनाचा मध्य खाली असतो, आणि बेताच्या उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला लागतात. एकट्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आधी आपले रस्ते कागदावर

शोरूमला जाण्याआधी एक कागद घ्या. गेल्या दोन वर्षांत केलेले आणि पुढच्या दोन वर्षांत खरोखर करणार असलेले प्रवास लिहा. लडाखचं स्वप्न वेगळं लिहा, ते या यादीत नको. माझ्या यादीत काय होतं? कोल्हापूर ते सावंतवाडी, आजरा-आंबोलीमार्गे. कोल्हापूर ते रत्नागिरी, आंबा घाटातून. गगनबावड्याहून करूळ उतरून कणकवली. वर्षातून तीन-चारदा पुणे, म्हणजे एका बाजूने साधारण २३० किलोमीटर. आणि एक मोठा प्रवास, दक्षिणेकडे.

या यादीत एक गोष्ट लगेच दिसते. आपल्याकडचे खरे वेगवान रस्ते दुचाकीला बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आपल्याला जाता येत नाही, आपण जुन्या महामार्गाने खंडाळ्यातून जातो. समृद्धी महामार्गावर दुचाकी चालत नाही, अटल सेतूवर चालत नाही, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही नाही. उरतो तो पुणे-सातारा-कोल्हापूर-बेळगाव महामार्ग, मुंबई-गोवा महामार्ग, आणि राज्य मार्गांचं जाळं. केंद्राने २०१८ साली ठरवलेली दुचाकीची कमाल वेगमर्यादा चारपदरी महामार्गावर ताशी ८० आहे, इतर रस्त्यांवर ६०. म्हणजे तुमची गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ ६० ते ९० या पट्ट्यात धावणार. ताशी दोनशेची गाडी हवी की नव्वदला शांत, न थरथरणारी गाडी हवी, याचं उत्तर त्या कागदावरच मिळतं.

वजन, उंची आणि उताराची परीक्षा

ही पायरी सगळ्यांत मोठी आहे. घाई केली तर इथेच चूक होते.

कंपनीच्या माहितीपत्रकात सीटची उंची असते, उदाहरणार्थ ८०० मिलिमीटर. तुमची जांघेपासूनची पायाची लांबी घरीच मोजा: भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. बुटांचे दोन-तीन सेंटिमीटर मिळवा. पण आकडा जुळला म्हणून थांबू नका. सीटचा पुढचा भाग रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि ८०० ची सीट ८२० सारखी वाटते. अरुंद असेल तर उलट. म्हणून प्रवासाचेच बूट घालून बसून बघायचं. दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकले पाहिजेत. एक पाय पूर्ण आणि दुसरा अधांतरी, हे शहरात चालून जातं. घाटातल्या तिरप्या, खडी पसरलेल्या कडेला अजिबात चालत नाही.

आता वजन. माहितीपत्रकात जे ‘कर्ब वेट’ असतं त्यात पेट्रोल आणि ऑइल धरलेलं असतं, सामान नसतं. एकट्याच्या आठ दिवसांच्या प्रवासाचं सामान, अवजारं आणि पाणी मिळून पंधरा किलो सहज होतं. १९३ किलोची गाडी त्या दिवशी २०८ किलोची असते. मनात हाच आकडा धरा.

शोरूममध्ये नम्रपणे, पण ठामपणे तीन गोष्टी करून बघायला मागा.

पहिली, गाडीवर न बसता, शेजारी उभं राहून ती दहा पावलं पुढे आणि दहा पावलं मागे ढकलायची. साइड स्टँड वर, हात हँडलवर, कंबर सीटला टेकलेली. मागे ढकलताना गाडी विरुद्ध बाजूला झुकायला लागली की पोटात गोळा येतो. तो आला तर त्या वजनाची सवय होईल की नाही, याचा खरा विचार करा.

दुसरी, गाडीवर बसून, इंजिन बंद ठेवून, पायांनी ती मागे घ्यायची, तीही किंचित चढावर. कोकणातल्या घरगुती खाणावळींची, राहायच्या जागांची अंगणं उताराची असतात, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांना लागून असतात. नाक खाली करून गाडी लावली तर सकाळी ती मागे घेता येत नाही. (गाडी कोणतीही असो, अशा जागी नाक चढाकडे करून आणि पहिला गिअर टाकून लावावी.)

तिसरी, पूर्ण हँडल वळवून, क्लच अर्धा धरून, दोन गाड्यांच्या रुंदीच्या रस्त्यात वळवून दाखवायची. घाटातल्या बंद रस्त्यावरून परत फिरायची वेळ येते तेव्हा हेच करायचं असतं. शर्यतीच्या धाटणीच्या गाड्यांचं हँडल कमी वळतं, तिथे हा फरक कळतो.

आडवी पडलेली गाडी उचलायचा सराव शोरूममध्ये होणार नाही. तो ओळखीच्या माणसाच्या त्याच वजनाच्या जुन्या गाडीवर, गवतावर, दुसरं माणूस जवळ ठेवून करा. पद्धत अशी: इंजिन आणि चावी बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडते. गिअर टाकता आला तर टाकायचा, म्हणजे चाक फिरत नाही. हँडल पडलेल्या बाजूकडे पूर्ण वळवायचं. गाडीकडे पाठ करून सीटला टेकून उकिडवं बसायचं, एका हाताने खालची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागची ग्रॅब रेल (मागे बसणाऱ्याने धरायची दांडी) धरायची, पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर, छोटी पावलं मागे टाकत उठायचं. कंबरेतून वाकून हँडल ओढलं तर गाडी उठत नाही आणि पाठ मात्र धरते. जेटीवर मी नेमकं तेच करत होते. आज मला ती पद्धत येते, तरी माझी मर्यादा साधारण १८० किलो आहे, हे मी मोजून ठरवलंय. तुमची मर्यादा तुम्ही मोजा. त्याच्या वरची कोणतीही गाडी, कितीही आवडली तरी, एकट्याच्या प्रवासाच्या यादीतून काढून टाका.

बसण्याची ठेवण

हँडल, सीट आणि पायटेकणी या तीन बिंदूंचा त्रिकोण तुमच्या शरीराला जुळतो का, हे पाच मिनिटांच्या टेस्ट राइडमध्ये कळत नाही. चाळिसाव्या मिनिटाला मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये जे दुखतं, तेच खरं सांगतं. म्हणून माझा आग्रह असतो की आवडलेली गाडी आधी भाड्याने घ्या. पुणे, मुंबई, गोव्यात मध्यम आकाराच्या गाड्या दिवसाच्या भाड्याने मिळतात. एक सुट्टीचा दिवस, दोनशे किलोमीटर, त्यात एक घाट. दोन-चार लाखांच्या निर्णयासाठी हा खर्च अगदी छोटा आहे.

त्या दिवशी लक्ष कशाकडे द्यायचं? पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंवर शरीर पेलता येतंय की मनगटांवर भार येतोय. ब्रेक लावताना गुडघ्यांनी टाकी आवळता येते का. गुडघा किती दुमडतो. पायटेकणी फार मागे आणि वर असेल तर दीड तासाने गुडघ्याची वाटी बोलायला लागते. सीटवर दोन-तीन इंच मागेपुढे सरकायला जागा आहे का. एकट्याला हा एक फायदाच असतो: मागे कुणी बसलेलं नसतं, त्यामुळे सरकता येतं, आणि सरकता आलं की रक्त खेळतं राहतं.

केटीएमची आरसी ३९० किंवा बारामतीत तयार होणारी एप्रिलियाची आरएस ४५७ या सुंदर गाड्या आहेत, पण त्यांचा कल शर्यतीकडे आहे. पंचविशीतल्या लवचीक शरीराला त्या चालतील. सलग पाच दिवस, रोज तीनशे किलोमीटर करायचे असतील तर मी त्या सुचवणार नाही.

इंजिन किती हवं

एकट्याला मोठं इंजिन लागतं हा समज डबल सीट प्रवासातून आलेला आहे. मागे साठ-सत्तर किलोचं माणूस आणि त्याचं सामान नसेल तर २५० सीसीची, पंचवीस-सव्वीस अश्वशक्तीची गाडी ताशी ८०-९० ला दिवसभर चालते. कमी कुठे पडते? चढावर एसटी किंवा ट्रेलर ओलांडताना, आणि महामार्गावर समोरून जोराचा वारा असताना. तिथे गिअर खाली टाकावा लागतो, अंदाज आधी बांधावा लागतो. चाळीस अश्वशक्तीच्या आसपास ही अडचण जवळजवळ संपते. माझ्या मते आपल्या रस्त्यांवर एकट्या माणसासाठी पंचवीस ते चाळीस हा पट्टा पुरेसा आहे. त्याच्या वरचं सगळं आनंदासाठी आहे, आणि आनंदासाठी घ्यायलाही काहीच हरकत नाही, वजनाची परीक्षा पास झाली असेल तर.

कमाल शक्तीच्या आकड्यापेक्षा वरच्या गिअरमधली लवचीकता बघा. टेस्ट राइडमध्ये सहाव्या गिअरमध्ये ५० चा वेग धरा आणि हळूच थ्रॉटल उघडा. गाडी कुरकुर न करता उचलते का? मग ८०-९० ला दहा मिनिटं स्थिर चालवा आणि आरशात बघा. मागचा ट्रक स्पष्ट दिसतोय की नुसता धूसर डाग? आरसा थरथरत असेल तर तीच थरथर तुमच्या बोटांतही जाणार. एका सिलिंडरच्या गाड्यांत ती थोडीफार असतेच, दोन सिलिंडरच्या बहुतेक मऊ चालतात.

घाट उतरण्याचीही परीक्षा हवी. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना सगळा भार ब्रेकवर टाकायचा नसतो, तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी रोखायची असते. स्लिपर क्लच असेल तर गिअर पटकन खाली टाकला तरी मागचं चाक उडत नाही. ओल्या रस्त्यावर याची किंमत कळते.

एक व्यवहाराची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर ४० टक्के. म्हणजे ३५० ची रेघ ओलांडली की करातच मोठी उडी बसते. किंमत विचारताना शोरूमची आणि रस्त्यावर येईपर्यंतची, दोन्ही विचारा. त्यात हेल्मेट, जाकीट, हातमोजे आणि बुटांसाठी निदान पंचवीस हजार बाजूला काढा. ते कमी करून मोठी गाडी घेऊ नका.

वारा आणि उष्णता

दिवसभराचा थकवा इंजिनापेक्षा वाऱ्याने येतो. पुढची काच छातीवरचा वारा अडवते, पण तिच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा भोवऱ्यासारखा हेल्मेटवर आदळला तर डोकं हलतं, कानात घुमतं. तपासायची युक्ती सोपी आहे: मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ७०-८० ला काही क्षण पाठ सरळ ताणून डोकं चार बोटं वर न्या, मग काचेच्या आड खाली आणा. वर गेल्यावर शांत वाटलं तर काच तुमच्यासाठी किंचित उंच आहे, खाली आल्यावर शांत वाटलं तर ती लहान आहे. उंची बदलणारी काच असेल तर उत्तम. नसेल तर वेगळ्या उंचीची काच बाजारात मिळते का, हे खरेदीआधी विचारून ठेवा.

फेअरिंगचा दुसरा चेहरा उन्हाळ्यात दिसतो. रेडिएटरचा पंखा चालू झाला की गरम हवा नडगीवर येते. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी टेस्ट राइड मुद्दाम दुपारी दोन वाजता घ्यावी आणि सिग्नलला, गर्दीत पंधरा मिनिटं घालवावी.

टाकी

हिशोब सरळ आहे: टाकीच्या लिटरमधून दोन लिटर वजा, उरलेले गुणिले खरं ॲव्हरेज. ११ लिटरची टाकी आणि ३० चं ॲव्हरेज असेल तर हाताशी २७० किलोमीटर. १७ लिटर आणि २५ असेल तर ३७५. एकट्याने सागरी महामार्गाने जाताना मी अर्धी टाकी झाली की भरते, त्यामुळे मला बारा लिटर पुरतात. त्या नियमाचा कंटाळा असेल तर मोठी टाकी शोधा.

टायर आणि ब्रेक

ट्यूबलेस टायर आणि त्याला लागणारी अलॉयची चाकं, यात तडजोड नाही. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, गाडी कडेला घ्यायला वेळ मिळतो. खिळा उपसायचा, भोक सुताराच्या गिरमिटासारख्या हत्याराने साफ करायचं, चिकट वात दाबायची, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपाने हवा भरायची. सराव असेल तर पंधरा मिनिटांचं काम. ट्यूब असलेलं चाक रस्त्याच्या कडेला एकट्याने काढणं, मधला स्टँड नसताना, हे मी कुणाला सांगणार नाही. हा सराव घरी जुन्या टायरवर दोनदा करा. पंक्चरवाल्याकडे टाकाऊ टायर मिळतो, तोच शिकवतोही.

एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना सक्तीचं आहे, पण कायद्याला एका चाकाचं चालतं. तुम्ही दोन्ही चाकांचंच घ्या. पहिल्या पावसात डांबरावर जांभ्याची लाल माती वाहून येते, आणि ती साबणासारखी असते.

जमिनीपासूनची उंचीही इथेच बघा. कावासाकीच्या निन्जा ३०० ची १४० मिलिमीटर आहे, सुझुकीच्या जिक्सर एसएफ २५० ची १६५. गावाबाहेरच्या अचानक उगवणाऱ्या गतिरोधकांवर हा इंचभराचा फरक पोटाखाली ऐकू येतो. एकट्याने बसल्यावर गाडी कमी दबते, एवढा दिलासा.

सामान: मागची सीट तुमचीच आहे

एकट्याला महागड्या पेट्यांची गरज नाही. मागच्या सीटवर आडवी बांधलेली चाळीस लिटरची जलरोधक पिशवी आणि टाकीवर एक छोटी पिशवी, यात आठ दिवस निघतात. गाडी निवडताना बघायचं ते एवढंच: मागची सीट सपाट आहे की उंच, टोकदार? पट्टे अडकवायला ग्रॅब रेल किंवा हूक आहेत का? सायलेन्सर वर वळलेला असेल तर बाजूच्या पिशव्या भाजतात, तिथे लोखंडी स्टे लागतो. जड वस्तू, म्हणजे अवजारं, पाणी, कुलूप, पुढे आणि खाली. शेपटीच्या टोकावर जड पेटी लावली की पुढचं चाक हलकं होतं आणि महामार्गावर हँडल डुलायला लागतं.

सर्व्हिस कुठे मिळेल

कागदावरच्या रस्त्यांकडे परत या. प्रत्येक रस्त्यावरची दोन गावं निवडा, उदाहरणार्थ चिपळूण आणि कणकवली, आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तिथे आहे का बघा. असेल तर फोन करा. क्लच केबल, ब्रेक पॅड, चेनचा संच, पुढचा लिव्हर या चार वस्तूंची नावं घ्या आणि शिल्लक आहेत का विचारा. उत्तर ‘ऑर्डर द्यावी लागेल, पंधरा दिवस’ असेल तर ती गाडी शहराजवळच्या फिरण्यासाठी ठीक. मी चार गाड्यांसाठी असे फोन केले होते, आणि माझ्या यादीतली दुसऱ्या क्रमांकाची गाडी त्या एका दुपारीच बाद झाली.

मग कोणती?

वजनाच्या क्रमानेच सांगते, कारण तोच क्रम महत्त्वाचा.

सुझुकी जिक्सर एसएफ २५०: १६१ किलो, १२ लिटरची टाकी, सीट ८०० मिलिमीटरवर. ऑइलने थंड होणारं साधं इंजिन, रेडिएटर फुटायची भीती नाही. हँडल खरोखर वर आहे. बेताच्या उंचीच्या, पहिल्यांदा एकट्याने निघणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून हीच सांगते. मी हीच चालवते.

हीरो करिझ्मा एक्सएमआर: १६३.५ किलो, ११ लिटर, सीट ८१०. २१० सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, वरखाली होणारी काच. हीरोचं जाळं गावोगाव आहे हा तिचा मोठा गुण. मात्र या खास मॉडेलचे सुटे भाग तुमच्या भागात मिळतात का, तो फोन चुकवू नका.

टीव्हीएस अपाची आरआर ३१०: १७४ किलो. चपळ, पण थोडी ओणवी. भाड्याने चालवून मगच ठरवा.

कावासाकी निन्जा ३००: १७९ किलो, १७ लिटर, सीट ७८०. दोन सिलिंडर, ३९ अश्वशक्ती. रचना जुनी आहे, पडदा-बिडदा नाही, पण खाली सीट, मोठी टाकी आणि मऊ इंजिन असा मेळ या किमतीत दुसरीकडे दिसत नाही. लांब पल्ल्याच्या एकट्या प्रवाशासाठी माझं मत तिच्या बाजूने झुकतं.

बजाज डॉमिनर ४००: १९३ किलो, १३ लिटर, सीट ८००, ४० अश्वशक्ती. पूर्ण फेअरिंग नाही, पण उंच काच, हातांचे संरक्षक, मागचा रॅक आणि पिशव्यांचा स्टे कंपनीकडूनच येतो, आणि बजाजचा मॅकेनिक तालुक्याच्या गावात भेटतो. महामार्गावर ती दिवसभर दमत नाही. अट एकच, १९३ किलो तुम्हाला पेलले पाहिजेत. नसतील तर डॉमिनर २५० आहे, १८० किलोची.

निन्जा ६५०: १९६ किलो, १५ लिटर, ६८ अश्वशक्ती. वजन डॉमिनरएवढंच आणि शक्ती कितीतरी जास्त, त्यामुळे मोठ्या गाडीकडे जायचंच असेल तर पहिली पायरी हीच. सर्व्हिस मात्र मोठ्या शहरांतच.

निन्जा ११००एसएक्स: २३८ किलो, १९ लिटर. स्पोर्ट टूरर या शब्दाचा खरा, पूर्ण अर्थ म्हणजे ही गाडी. दहा वर्षं चालवलेल्या, धिप्पाड, रोज महामार्गावर असलेल्या माणसासाठी. एकट्याने आडवाटेला जाणाऱ्यासाठी मी ती सुचवत नाही.

जुनी घ्यायची असेल तर

जुनी सीबीआर २५०आर किंवा निन्जा ३०० अजूनही चांगली मिळते. टायरवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, बदलायचाच धरून भाव करा. हँडल डावी-उजवीकडे हळू फिरवा, मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंग गेलंय. लिव्हरची टोकं आणि सायलेन्सरची कड घासलेली असेल तर गाडी पडलेली आहे. कुठे, कशी, हे मालकाला मोकळेपणाने विचारा. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे आणि एप्रिल २०२३ आधीच्या गाड्या बहुधा त्यासाठी बनवलेल्या नाहीत, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप, सील आणि टाकीतला गंज तपासून घ्या. कागदांत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, आणि परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. पैसे त्यानंतर.

घेतल्यावर, पहिल्या प्रवासाआधी

पहिली सर्व्हिस होईपर्यंत लांब जाऊ नका. त्यानंतर पूर्ण सामान बांधून एका रात्रीचा, घरापासून शंभर-दीडशे किलोमीटरवरचा प्रवास करा. निघण्याआधी मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) सामानासाठी एक-दोन घरं वाढवा. हवा सकाळी, टायर थंड असताना, चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. हँडल आणि लिव्हरचा कोन तुमच्या मनगटाच्या रेषेत आणून घ्या, मॅकेनिक पाच मिनिटांत करतो. मुक्कामी पोचल्यावर गाडीवरची सगळी अवजारं काढून, प्रत्येक पान्हा कुठल्या बोल्टला लागतो ते लावून बघा. कंपनीच्या किटमध्ये मागच्या ॲक्सलच्या मापाचा पान्हा नसेल तर आत्ताच कळेल आणि तो वेगळा घेता येईल. परत आल्यावर पिशवीतलं न लागलेलं सामान बाजूला काढा, चेन साफ करून ऑइल लावा आणि तिचा ढिलेपणा मोजून वहीत तारखेसह लिहा. पुढचं ऑइल पाचशे किलोमीटरला, पाऊस लागला तर त्याच संध्याकाळी.